गणित अडले तर विचारावे कोणाला?

(चलथाण, जिल्हा सुरत, येथील मराठी पालक व विद्यार्थी यांच्यापुढे आम्ही केलेले भाषण. प्रश्न आपल्याही घरचाच असल्यामुळे वाचकांसाठी ते येथे देत आहोत.)



सीमाभागातून आलेला संपादक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो नकाशा, ठराव आणि सत्याग्रह यांविषयीच बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज त्यांतले आम्ही काहीच बोलणार नाही. आज बोलावयाचे आहे ते अकरावीच्या विद्यार्थ्याच्या वहीतील एका पानाविषयी. पदार्थविज्ञानाचे उदाहरण नीटनेटक्या अक्षरात उतरवून घेतलेले आहे. त्याखाली ‘उत्तर’ असा शब्द लिहून दोन टिंबे दिलेली आहेत. आणि पुढे सारे पान कोरे! हे कोरे पान आम्ही बेळगावात पाहिले आहे, निपाणीत पाहिले आहे. आणि येथील तुमच्या घरांतही ते आहे, याविषयी आम्हास शंका नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांची घरे याच तापीकाठच्या लोहमार्गाने येथवर आली. नंदुरबार, शिंदखेडे, अमळनेर, धरणगाव, जळगाव या गावांची नावे तुमच्या रेशनकार्डावर नसतील, पण लग्नपत्रिकांवर आहेत. कोणी मागावर उभा आहे, कोणी कापड रंगविण्याच्या गिरणीत वाफेपाशी, कोणी साखर कारखान्यात. बाप बारा तास काम करून घरी येतो तेव्हा मुलगा पुस्तक पुढे घेऊन बसलेला असतो. बापाला अभिमान वाटतो, आई दिवा त्याच्याकडे सरकवते, परंतु “भाऊ, हाई कसं व्हयनं?” असे अहिराणीत विचारावे आणि उत्तर मिळावे, असे त्या घरात कोणीच नसते. भाषेच्या उदाहरणाला आजी उपयोगी पडते, इतिहासाच्या प्रश्नाला शेजारी उपयोगी पडतो. विकलनाला कोण उपयोगी पडणार? दहावीत ऐंशी गुण मिळविलेला मुलगा अकरावीच्या दिवाळीपर्यंत मुका होतो, वर्गात मागच्या बाकावर सरकतो आणि बारावीनंतर बापाच्याच यंत्रापाशी जाऊन उभा राहतो. यंत्रापाशी उभे राहण्यात कमीपणा आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्याने ते निवडलेले नसते, एवढेच आमचे म्हणणे आहे. एका न सुटलेल्या उदाहरणाने त्याच्यासाठी ते निवडलेले असते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. विज्ञानाचे प्राध्यापक नव्हे. परंतु हा प्रश्न आमच्या दारी वारंवार येऊ लागला तेव्हा अकरावी-बारावीची पुस्तके हाताशी घेऊन आम्ही बसलो. जे कळले ते जाणकारांकडून तपासून घेतले. तेव्हा जे पुढे सांगतो ते ज्याला हे विषय जन्मतः सोपे गेले अशा माणसाचे बोलणे नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

प्रथम भाषेची गोष्ट. कारण तेथेच पहिली ठेच लागते. ‘अणू’ हा शब्द घ्या. मराठी शास्त्रीय परिभाषेत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू एकत्र येऊन बनतो तो रेणू. गुजराती पुस्तकात त्या पहिल्या कणाला परमाणु म्हणतात आणि आपण ज्याला रेणू म्हणतो त्याला अणु म्हणतात! हिंदीतही तसेच. आता घरी थोरल्या बहिणीने मराठी माध्यमात शिकलेले सांगितले आणि शाळेत गुरुजींनी गुजरातीत सांगितले; दोघेही बरोबर, आणि मुलगा मात्र चूक! प्राणवायूच्या एका अणूचे वस्तुमान सोळा की बत्तीस, याचे उत्तर तुम्ही कोणत्या भाषेत उभे आहात त्यावर ठरते. वस्तुमानाला गुजरातीत ‘दळ’ म्हणतात. आपल्याला दळ म्हटले की तुळशीचे दळ आठवते. चालीला गुजरातीत ‘झडप’ म्हणतात. आपल्याला झडप म्हटले की यंत्राची झडप, नाहीतर बहिरी ससाण्याची झडप. त्वरणाला तेथे ‘प्रवेग’ आहे. आणि ‘क्षार’ हा शब्द तर आणखी लबाड: मराठीत आणि गुजरातीत तो आम्ल व आम्लारी मिळून होणाऱ्या पदार्थाचे नाव आहे, पण हिंदी माध्यमातील मुलाला विचाराल तर तो आम्लाच्या विरुद्ध गुणाच्या पदार्थाला क्षार म्हणेल. एका चाळीत तिन्ही माध्यमांची मुले राहतात. ती एकमेकांना विचारतात आणि अधिकच गोंधळतात. (सीमाभागातील वाचकांनी हसू नये. कन्नड पुस्तकातही ‘अणु’ हा रेणूच आहे.)

या गोंधळाला बुद्धिमांद्य म्हणणे हा मुलावर अन्याय आहे. त्याला पदार्थविज्ञान येत नाही असे नसते. त्याला शब्दाचा पत्ता चुकीचा दिलेला असतो. यावर उपाय खर्चाचा नाही. वहीच्या शेवटच्या चार पानांवर चार उभे रकाने आखावेत: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. नवा शब्द भेटला की तो चारही घरांत बसवावा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांचे परिभाषा कोश आता मोबाईलवरही विनामूल्य पाहता येतात. दोन महिन्यांत अशी वही तयार होते आणि ती धाकट्या भावंडालाही पुरते.

कोणी म्हणेल, हे सर्व मराठीचे लचांड कशाला? परीक्षा तर गुजरातीत किंवा इंग्रजीतच द्यावयाची आहे. बरोबर आहे. गुजरातची गुजकेट ही प्रवेशपरीक्षा गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या तीनच भाषांत होते. अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ सालापासून तेरा भाषांत होऊ लागली, त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांपुरतीच, सुरतेच्या केंद्रावर ती मागता येत नाही. इतकेच काय, खुद्द महाराष्ट्रात पुण्या-मुंबईसही अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतच शिकवितात. तेव्हा परीक्षा मराठीत लिहा, असे सांगण्यास आम्ही आलेलो नाही. लिहा कोणत्याही भाषेत, पण अडल्यावर प्रथम आपल्या भाषेत विचार करा, एवढेच आमचे मागणे आहे. जो प्रश्न मुलाला आपल्या घरच्या बोलीत स्वतःशी विचारता येत नाही, तो प्रश्न त्याला पडलेलाच नसतो. तो त्याच्यावर लादलेला असतो.

हे आमच्या पदरचे मत नव्हे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली झाली, आणि आरंभीच्याच वर्षांत त्या केंद्राने आपले काम नेले कोठे, तर तुमच्या जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत. केंद्राचे संस्थापक संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांना तेथे आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांत काम करताना आढळले ते हेच, की विज्ञानातील संकल्पनेपेक्षा पुस्तकाची भाषा हाच गरीब घरच्या मुलापुढील मोठा अडसर असतो. तीच गोष्ट सोप्या भाषेत मांडली, मुलांना प्रश्न विचारू दिले, की तीच ‘मंद’ ठरविलेली मुले पुढे जाऊ लागतात. खिरोदे काही येथून परदेशात नाही. ज्यांचे मामा-काका तिकडे आहेत त्यांनी अवश्य चौकशी करावी.

आता मदत म्हणजे काय ते पाहू. येथे आम्ही थोडा वेळ घेणार आहोत. फळा आहे, खडू आहे.

चलथाणच्याच फलाटाचे उदाहरण करू. ताशी ७२ किलोमीटर वेगाने एक गाडी येत आहे. ब्रेक लावल्यापासून तिचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात कमी होतो. गाडी फलाटाच्या टोकाशी थांबवायची, तर ब्रेक किती अंतर आधी लावावा? पहिला मुलगा सूत्र आठवितो: वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले मंदन. ७२ चा वर्ग ५१८४, त्याला दोन गुणिले अर्धा म्हणजे एकाने भागले, उत्तर ५१८४ मीटर. खाली दुहेरी रेघ. सूत्र अगदी बरोबर, उत्तर अगदी चूक!

याला तुम्ही काय मदत कराल? सर्वांत वाईट मदत म्हणजे पेन त्याच्या हातून घेऊन उत्तर लिहून देणे. त्याहून थोडी कमी वाईट मदत म्हणजे “अरे, एकके बदल” असे ओरडणे. चांगली मदत अशी: “बाळ, पाच हजार मीटर म्हणजे किती किलोमीटर?” तो म्हणेल, पाचांहून अधिक. “गाडी थांबवायला पाच किलोमीटर लागतील का रे?” तो आपणच खाली पाहील. मग आपणच म्हणेल, की वेग तासाचा घेतला आणि मंदन सेकंदाचे घेतले. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. वीसचा वर्ग ४००. चारशे मीटर. हे उत्तर त्याचे आहे. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारला. तो प्रश्न विचारावयास पदार्थविज्ञान यावे लागत नाही. रोज त्या गाडीने जाणाऱ्या हमालालाही तो विचारता येईल, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

दुसरा मुलगा सूत्र विसरलेला आहे. त्याने वेगळीच वाट धरली: २० मीटर वेग, सेकंदाला अर्धा मीटर कमी, म्हणजे गाडी थांबायला ४० सेकंद. येथवर उत्तम. मग २० गुणिले ४०, आठशे मीटर. चारशेच्या नेमके दुप्पट. हा मुलगा पहिल्यापेक्षा हुशार आहे असे आम्हास वाटते; त्याला सूत्र नव्हे, गाडी दिसते आहे. त्याला विचारावे: “चाळीसही सेकंद गाडी वीसच्याच वेगाने चालली होती का?” नाही, आरंभी वीस, शेवटी शून्य. “मग सरासरी?” दहा. दहा गुणिले चाळीस, चारशे. आता त्याला कागदावर आडवी रेघ काळाची आणि उभी रेघ वेगाची काढू द्या. वीसपासून शून्यापर्यंत उतरणारी तिरपी रेघ आणि तिच्याखालचा त्रिकोण. त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ, पायाचे अर्धे गुणिले उंची, म्हणजे वीस गुणिले वीस, चारशेच! हा मुलगा नकळत संकलनाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. पुढे वर्गात वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ शिकवतील तेव्हा तो दचकणार नाही. त्याला चलथाणची गाडी आठवेल.

याच गाडीला उलट बाजूने गाठले की विकलन. मुले विकलनाला भितात. आम्हास या भीतीवरचा एक उतारा आमच्याच धंद्यातील आद्य पुरुषाकडे सापडला. बाळशास्त्री जांभेकर! १८३२ साली ‘दर्पण’ काढून ज्यांनी मराठी वृत्तपत्राचा पाया घातला, ते बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करीत आणि या विषयावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. विषयाला नाव दिले ‘शून्यलब्धि’. १८४६ साली उण्यापुऱ्या पस्तिशीच्या आत तो माणूस गेला. पण त्या शब्दाकडे पाहा. लब्धि म्हणजे भागाकार करून जे हाती येते ते. अंतर शून्याकडे नेत गेले असता जे हाती येते ते शून्यलब्धि. सारा विषय एका शब्दात आहे.

फळ्यावर पाहा. एक चेंडू उतारावरून असा गडगडतो की एका सेकंदात १ मीटर, दोन सेकंदांत ४, तीन सेकंदांत ९; म्हणजे अंतर हे काळाच्या वर्गाइतके. नेमक्या तिसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? तीनपासून ३.१ सेकंदापर्यंत तो ०.६१ मीटर गेला, भागिले ०.१, वेग ६.१. तीनपासून ३.०१ पर्यंत ०.०६०१ मीटर, भागिले ०.०१, वेग ६.०१. आणखी जवळ जा, ६.००१. आता तुम्हीच सांगा, हे कोठे निघाले आहे? सहाकडे. सातवीतील मुलगाही सहा म्हणतो. हवे तर आज रात्री घरी करून पाहा. त्यानंतरच त्याला सांगावे की काळाच्या वर्गाचे विकलन म्हणजे काळाची दुप्पट, आणि तिनाची दुप्पट सहा. नियम आधी सांगितला की तो पाठ होतो, आकडे आधी केले की तो पटतो. शाळेत पहिला क्रम चालतो, कारण तेथे वेळ नसतो. घरी आणि शेजारी दुसरा क्रम चालवावा.

रसायनशास्त्राचे दुखणे निराळे. तेथे मुले मोजतात बरोबर, पण काय मोजतो आहोत ते विसरतात. आपल्याकडील साखर कारखान्यांतून उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी सामान्यतः चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर वापरतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या नाकाला तो वास ठाऊक आहे. भिजविलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, धूर म्हणजे सल्फर डायॉक्साइड. दोघे मिळून कॅल्शियम सल्फाइटचा साका बसतो आणि तो रसातील घाण आपल्याबरोबर खाली ओढतो. समीकरणात एकास एक. आता प्रश्न: १८५ ग्रॅम चुन्याला किती ग्रॅम सल्फर डायॉक्साइड लागेल? मुलगा तात्काळ म्हणतो, १८५. कारण एकास एक!

त्याला डझनाचे उदाहरण द्यावे. एक डझन केळी आणि एक डझन नारळ. नग सारखे, वजन सारखे आहे काय? समीकरण नगाला नग सांगते, वजनाला वजन सांगत नाही. मोल हा रसायनशास्त्राचा डझन आहे, फक्त फार मोठा. चुन्याचा एक मोल ७४ ग्रॅम, सल्फर डायॉक्साइडचा एक मोल ६४ ग्रॅम. १८५ ग्रॅम चुना म्हणजे अडीच मोल; म्हणून दुसराही अडीच मोल, म्हणजे १६० ग्रॅम. साका ३०० ग्रॅम. ज्या मुलाच्या वडिलांच्या कपड्यांना तो गंधकाचा वास येतो, त्याला हे उदाहरण पुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा लवकर समजेल. सुरतेला रसायनशास्त्राचे परकेपण का वाटावे? १८६३ साली याच सुरतेत जन्मलेल्या त्रिभुवनदास गज्जरांनी मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी फासलेले डांबर रसायनाने काढून दाखविले होते! पुतळा कोणाचा होता ते सोडा. डाग निघाला हे खरे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली उभ्या राहिलेल्या कलाभवनामागेही हेच गज्जर होते, आणि तेथील तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह होता.

आता मोबाईलचा प्रश्न. प्रश्नाचे चित्र घेतले की क्षणात पूर्ण उत्तर, पायऱ्यांसकट, समोर येते. हे यंत्र फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात विचारावयास कोणी नाही त्या घरात ते एक सोबती आहे. पण उत्तर उतरवून घेणे हे अडलेल्या मुलाचे औषध नव्हे. वही भरते, डोके रिकामे राहते, आणि परीक्षेच्या दालनात यंत्र बाहेर ठेवावे लागते. जुन्या काळी गाईडे होती, ‘घोका आणि ओका’ होते. आता घोकावेही लागत नाही, इतकाच फरक. यंत्राला विचारावयाचेच तर असे विचारावे: “मी येथवर आलो आहे, माझी चूक कोणत्या पायरीला आहे?” असा प्रश्न विचारण्यासाठी आधी पायऱ्या लिहाव्या लागतात. अर्धे काम तेथेच होते.

आणि शिकवण्या? सर्व शिकवण्या वाईट नाहीत. काही गुरुजी जीव ओतून शिकवितात, हे आम्ही जाणतो. परंतु साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शुल्क भरूनही मागच्या बाकावरच्याला आपली एक शंका विचारता येत नसेल, तर बापाने भरलेले पैसे हे शिकविण्याचे झाले, शिकण्याचे नव्हे. शिवाय मुलींचे काय? रात्री नऊला सुटणाऱ्या वर्गाला कितीशा आया मुलीला पाठवितात? गणितात हुशार मुलगी केवळ वेळेपायी विज्ञान सोडते, हे आम्ही एकापेक्षा अधिक गावांत पाहिले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. चलथाणला एक विचारण्याची जागा हवी. वर्ग नव्हे, शिकवणी नव्हे. एक सतरंजी, एक फळा, एक दिवा. संध्याकाळी साडेपाच ते सात, म्हणजे मुलींना अंधारापूर्वी किंवा अंधार पडता पडता घरी जाता येईल. देवळाचा ओटा चालेल, कोणाची गच्ची चालेल. शिकविणार कोण? प्राध्यापक शोधू नका. बारावीतील मुलाने अकरावीतल्याला सांगावे, महाविद्यालयातल्याने बारावीतल्याला. जो कालच त्या खड्ड्यातून वर आला, त्याला खड्डा नेमका कोठे आहे ते ठाऊक असते; थोर विद्वानाला तो कधीच विसरून गेलेला असतो. शिवाय सांगणाराचेही पक्के होते. कोरी वही घेऊन येणाऱ्याला परत पाठवू नये, पण त्याच्याकडून प्रथम तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काय दिले आहे, काय विचारले आहे, आणि मी काय करून पाहिले. तिसरी ओळ लिहिताना निम्म्या मुलांचे उदाहरण आपोआप सुटते, असे या कामात मुरलेले शिक्षक सांगतात. आणि पेन नेहमी विचारणाराच्याच हातात राहावे. हा नियम मोडणाराला सतरंजीवरून उठवावे, मग तो कितीही हुशार असो!

आयांनाही एक काम आहे. मुलगा अडला की त्याला उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावयास सांगा, मग ते आपल्या बोलीत सांगावयास लावा. तुम्हास कळो न कळो. तुम्हास समजावे म्हणून तो जे शब्द शोधील, त्या शोधात त्याला स्वतःला समजेल.

पैशाचा प्रश्न निघेल. खडूला, दिव्याला, क्वचित एखाद्या पुस्तकाला पैसे लागतात. याबाबत तुमच्याच खानदेशाचा एक दाखला देतो. चाळीसगावाजवळ पाटण गाव आहे. पाटणादेवीच्या यात्रेला तुमच्यापैकी कित्येक गेले असतील. तेथे शके ११२८ चा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना, शिलालेख आहे. गेल्याच्या मागील शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणि लिहिणारे भास्कराचार्य. १११४ साली जन्मलेले, आणि ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे आत्ता आपण चेंडूच्या ज्या क्षणिक वेगाचा हिशेब केला त्याच जातीचा, विचार करणारे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटणला मठ काढला. (वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीस गेलेले ते चांगदेव निराळे.) निकुंभ राजांनी त्याला दान दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, परंतु शेवटच्या ओळी मराठीत आहेत. आणि त्या मराठी ओळींत आहे काय? पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरील उत्पन्नाचा वाटा मठाला द्यावा, आणि चालणाऱ्या घाण्यांनी पळी पळी तेल द्यावे! विद्वानांसाठी संस्कृत, आणि तेली-वाण्यांना कळावे म्हणून मराठी. गणित शिकणाऱ्या मुलांचा दिवा बाजारातल्या तेलावर जळत होता.

चलथाणच्या बाजारात आज मराठी माणसांची किती दुकाने आहेत ते तुम्ही आम्हापेक्षा चांगले जाणता. पळीभर तेलाचा आजचा भाव काय होतो तेही.

मुलांसाठी एक उदाहरण ठेवून जातो. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोहोचला त्या क्षणी त्याचा वेग शून्य झाला. त्या क्षणी त्याचे त्वरण किती? मागच्या रांगेतील दोघे ‘शून्य’ म्हणाले, ते आम्ही ऐकले. पुढच्या रांगेतील मुलीने मान हलविली, तेही पाहिले. त्या तिघांनी उद्या साडेपाचला एकत्र बसावे आणि प्रत्येकाने आपले कारण आपल्या बोलीत लिहून आणावे. उत्तर आम्ही सांगणार नाही. सतरंजी कोण आणणार, तेवढे मात्र आत्ताच ठरवा.